डॉक्टरांना विचारा : गाठ, घराणं आणि जनुकं

स्तनाच्या कर्करोगाबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी भागातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : हा रोग वंशात असतो का, आणि प्रतिकारशक्तीशी त्याचा काय संबंध? निवडक प्रश्नांना शल्यचिकित्सक, पॅथॉलॉजिस्ट आणि आनुवंशिकी सल्लागार यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

मलेरियापासून वाचवणारं एक जनुक आफ्रिकी वंशाच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवतं, असं वाचनात आलं. आमच्या खानापूर तालुक्यात सिद्दी समाज आहे. त्यांना धोका जास्त आणि आम्हाला कमी, असं समजायचं का?
— एक शिक्षिका, नंदगड

तसं समजू नका. वाचलंत ते डफी रक्तगटाच्या जनुकाबद्दल. त्याच्या नियंत्रक भागात डीएनएच्या एका अक्षराचा बदल झाला की लाल रक्तपेशींवर डफी प्रथिन उमटत नाही. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी याच प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो, त्यामुळे ते नसलेल्या माणसाला व्हायवॅक्स सहसा होत नाही. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत, विशेषतः पश्चिमेला, हा बदल जवळपास सर्वांत आढळतो. भारतात तो क्वचितच दिसतो, आणि व्हायवॅक्स मात्र आपल्याकडे भरपूर.

या प्रथिनाचं दुसरं काम प्रतिकारसंस्थेतलं. पांढऱ्या पेशींना बोलावून घेणारे केमोकाइन नावाचे रेणू ते रक्तात धरून ठेवतं. लाल पेशींवर ते नसेल तर या रेणूंचं गणित बदलतं, आणि धडधाकट माणसाच्या रक्ततपासणीतही न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी कमी भरतात. अमेरिकेतल्या संशोधकांना २०१९ साली आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत हा बदल आणि ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा (गाठीवर तपासायच्या तिन्ही खुणा न सापडणारा, सविस्तर पुढं आहे) कर्करोग बरोबरीनं आढळले. मात्र दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं सिद्ध होत नाही. हा बदल पश्चिम आफ्रिकी मूळ दाखवणारी खूणही आहे, त्यामुळे त्या मुळाबरोबर येणारं दुसरंच काही कारणीभूत असू शकतं.

शिवाय ‘आफ्रिकी’ हा एक गट नाहीच. घानातल्या रुग्णांत निम्म्याच्या आसपास गाठी ट्रिपल निगेटिव्ह निघाल्या, इथिओपियात साधारण सातांत एक. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेले लोक मुख्यतः पश्चिम आणि मध्य-पश्चिम आफ्रिकेतले. खानापूर, हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दींचे पूर्वज प्रामुख्यानं पूर्व आणि आग्नेय आफ्रिकेतल्या बांटू समाजांतले, आणि पुढच्या पिढ्यांत इथल्या समाजांशी त्यांचे संबंध जुळले. अमेरिकेतला निष्कर्ष उचलून खानापूरच्या सिद्दी बाईला चिकटवणं शास्त्रात बसत नाही.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना हा रोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, पण त्यातून होणारे मृत्यू सुमारे ४० टक्के जास्त. ट्रिपल निगेटिव्हचं जादा प्रमाण हे त्यामागचं एक कारण. उशिरा झालेलं निदान, विमा नसणं, उपचारातला खंड ही बाकीची. इथं जंगलातल्या सिद्दी वस्तीवरून तालुक्याला यायचं तर मजुरी बुडते. तो अडथळा आधी दिसतो, जनुक त्याच्या बऱ्याच मागे.

मग प्रतिकारसंस्थेची जनुकं आणि हा कर्करोग यांचा काहीच संबंध नाही का?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, बेळगाव

संबंध आहे, पण एखाद्या बाईचा धोका सांगावा इतका पक्का नाही.

सगळ्यांत चांगलं उदाहरण अपोबेक-३ जनुकांचं. २२व्या गुणसूत्रावरच्या या जनुकांची प्रथिनं विषाणूच्या डीएनएमधल्या ‘सी’ अक्षराचं ‘यू’ करून त्याची संहिता नासवतात. काही माणसांत या भागातला सुमारे २९,५०० अक्षरांचा तुकडा जन्मतःच नसतो आणि त्याबरोबर अपोबेक-३बी जवळपास पूर्ण जातं. तुकडा गळालेल्या प्रतींचं (आई-वडिलांकडून एकेक अशा दोन प्रती प्रत्येकाकडे असतात) प्रमाण आफ्रिकेत सुमारे १ टक्का, युरोपात ६, पूर्व आशियात ३७, तर ओशनियातल्या बेटांवर ९३ टक्के. २०१३ साली चिनी स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात एक प्रत गळालेल्यांत स्तनकर्करोगाचा धोका सुमारे १.३ पट आणि दोन्ही गळालेल्यांत सुमारे १.८ पट दिसला.

आता यातली मेख बघा. अपोबेक-३बी हे गाठीच्या पेशींत उत्परिवर्तनं घडवणारं म्हणून बदनाम आहे. ते नसलं तर धोका कमी व्हायला हवा. प्रत्यक्षात अशा बायकांच्या गाठींत अपोबेकनं घडवलेल्या उत्परिवर्तनांच्या खुणा जास्त सापडल्या. संभाव्य कारण असं, की मधला तुकडा गळाल्यावर शेजारचं अपोबेक-३ए हे ३बीच्या शेवटच्या भागाला जोडलं जातं आणि त्याचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप, जास्त टिकतो, त्यामुळे ३ए जास्त बनतं. एवढं सगळं जुळत असूनही नॉर्वेतल्या मोठ्या अभ्यासात धोका वाढलेला दिसला नाही. चीनमधला आकडा बेळगावात जसाच्या तसा वापरता येत नाही तो यासाठीच.

दुसरं नाव एचएलए. किडनी बदलताना जुळवतात तीच ही सहाव्या गुणसूत्रावरची जनुकं. स्तनकर्करोगाशी त्यांचे संबंध सांगणारे अनेक छोटे अभ्यास आहेत, पण एकाचा निष्कर्ष दुसऱ्यात टिकत नाही. कारण आपल्या परिसरात चटकन कळेल. समजा एखाद्या अभ्यासात रुग्ण घेतले इस्पितळातले, म्हणजे खानापूरचे मराठा, बैलहोंगलचे लिंगायत, गोव्याहून आलेले ख्रिस्ती. तुलनेसाठी निरोगी रक्त घेतलं कॉलेजच्या वसतिगृहातल्या देशभरच्या मुलींचं. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं होत आल्यानं एचएलएचे प्रकार समाजागणिक वेगळे असतात. मग जो फरक सापडतो तो समाजासमाजातला असतो आणि छापला जातो कर्करोगाचा म्हणून. शोधनिबंध वाचताना ‘निरोगी गट कुठून घेतला’ हे आधी बघा. ते सांगितलेलं नसेल तर पुढं वाचण्यात वेळ घालवू नका.

आईच्या रिपोर्टात ‘ट्रिपल निगेटिव्ह’ आलं आहे. वय ४६. शेजारी म्हणतात, अंगात प्रतिकारशक्तीच नसते त्यांना हा होतो. ऑपरेशन निपाणीत झालं, नमुना बेळगावला पाठवला होता.
— एक वाचक, निपाणी

शेजाऱ्यांचं मनावर घेऊ नका. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनचा ग्राहक (त्या संप्रेरकाला पकडणारं प्रथिन, ईआर), प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक (पीआर) आणि हर-२ प्रथिन या तिन्ही गोष्टी सापडल्या नाहीत. उलट अशा गाठींत प्रतिकारपेशींची गर्दी इतर प्रकारांपेक्षा बहुधा जास्त असते. म्हणूनच पेम्ब्रोलिझुमॅबसारखी प्रतिकारसंस्थेला मोकळं करणारी औषधं स्तनाच्या कर्करोगात याच प्रकारात कामाला आली.

पाश्चात्त्य देशांत हा प्रकार १० ते १५ टक्के रुग्णांत असतो, भारतातल्या अभ्यासांत साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश. या फरकातला काही भाग वयाचा आहे, कारण आपल्याकडच्या रुग्ण सरासरीनं दहाएक वर्षांनी लहान असतात. काही भाग आनुवंशिक असेल. आणि काही भाग चक्क बरणीतला आहे. नमुना नीट टिकवला नाही तर ग्राहक नासतात आणि पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह दिसते. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य त्यामुळेच महत्त्वाचं.

नियम असा : गाठ शरीराबाहेर काढल्यापासून एका तासाच्या आत १० टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. फॉर्मॅलिन नमुन्याच्या किमान दहापट हवं. नमुना त्यात कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. फॉर्मॅलिन ऊतीत ताशी जेमतेम १ मिलिमीटर शिरतं. म्हणून काढलेला अख्खा स्तन तसाच बुडवून चालत नाही. कडांना दिशादर्शक टाके आणि शाई लावून गाठीतून ५ ते १० मिलिमीटरचे काप द्यावे लागतात, तेही पुस्तकाच्या पानांसारखे एका बाजूला जोडलेले ठेवून.

छोट्या गावात चुकतं ते ठरलेल्या जागी. शनिवारी दुपारी ऑपरेशन होतं. तोंड अरुंद असलेल्या बरणीत स्तन कोंबला जातो, वर बोटभर फॉर्मॅलिन. सोमवारी बसनं नमुना निघतो. मंगळवारी कापला तर बाहेरून पांढरट, घट्ट, आणि मधोमध गाठीच्या जागी मऊ, तपकिरी लगदा. कधी फॉर्मॅलिन संपलं म्हणून सलाइनमध्येच ठेवतात. ते त्याहून वाईट, कारण सलाइन काहीच टिकवत नाही.

आईंच्या रिपोर्टात चार गोष्टी शोधा. ईआर आणि पीआर किती टक्के? १ टक्का किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह, ईआर १ ते १० म्हणजे अल्प पॉझिटिव्ह. नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहिलं असेल तर आकडा मागा. हर-२ ची श्रेणी किती? ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ असेल तर फिश तपासणी (हर-२ जनुकाच्या प्रती मोजणारी) झाल्याशिवाय तिला निगेटिव्ह म्हणता येत नाही. फॉर्मॅलिनमधले तास लिहिले आहेत का? आणि गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिका पॉझिटिव्ह दिसल्या का? त्यांनी रंग घेतला नसेल तर तपासणीच फसली आहे, गाठीबद्दल काही ठरवता येत नाही.

शंका राहिली तर ऑपरेशनआधी सुईनं काढलेल्या ट्रूकट बायॉप्सीच्या ब्लॉकवर (मेणात बसवून ठेवलेल्या नमुन्यावर) तपासणी पुन्हा करून घ्या. बारीक तुकडे फॉर्मॅलिनमध्ये लवकर मुरतात, त्यामुळे तो निकाल जास्त भरवशाचा. ही खटपट वाया जात नाही. ईआर पॉझिटिव्ह निघालं तर किमान पाच वर्षांची संप्रेरकविरोधी गोळी मिळते, उदाहरणार्थ टॅमॉक्सिफेन रोज २० मिलिग्रॅम. चुकीच्या ‘निगेटिव्ह’मुळे तीच हुकते. सुई लावल्यानं रोग पसरतो ही भीती मात्र निराधार आहे.

आणि ट्रिपल निगेटिव्ह खरंच निघालं तर बीआरसीए तपासणीबद्दल विचारा, म्हणजे बिघडली तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या दोन जनुकांच्या तपासणीबद्दल. या प्रकारात ती कोणत्याही वयाला सुचवतात.

आमच्यात मामा-भाचीची, आते-मामे भावंडांची लग्नं होतात. त्यामुळे हा रोग घराण्यात वाढतो का?
— एक वाचक, अथणी

थेट नाही. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ ची एक बिघडलेली प्रत धोका वाढवायला पुरते, आणि ती आई किंवा वडील कुणा एकाकडून मिळते. प्रत्येक मुलाला आणि मुलीला शक्यता निम्मी, लग्न नात्यातलं असो वा परक्यातलं. नात्यातल्या लग्नात वेगळा धोका असा, की नवरा-बायको दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असू शकते. बीआरसीए-२ च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया होतो : बालपणीच रक्तपेशी घटतात आणि कर्करोग लवकर होतात. घरात हा बदल माहीत असेल तर नात्यात सोयरीक जुळवण्याआधी सल्ला घ्यावा.

घराण्याचा इतिहास लिहून काढताना एक चूक हमखास होते. सगळे आई आणि मावश्यांचं सांगतात, वडिलांकडची आत्या आणि आजी राहून जाते. बिघडलेली प्रत वडिलांकडूनही तितकीच येते, ते स्वतः ठणठणीत असले तरी. तीन पिढ्या लिहा, प्रत्येकीचं नाव, रोग आणि रोगाच्या वेळचं वय. ‘पोटात पाणी होऊन गेली’ असं ज्यांच्याबद्दल सांगतात त्यांच्यापुढं खूण करा. तो अंडाशयाचा कर्करोग असू शकतो, आणि बीआरसीएच्या घराण्यात तो नेमका सापडतो.

बहिणीला ३८व्या वर्षी रोग झाला. मी ३४ वर्षांची. जनुक तपासणी मी करून घ्यावी का? तिच्या रिपोर्टात ‘व्हीयूएस’ आलं आहे, त्याचा अर्थ काय? आणि यातून मुलींच्या लग्नाला अडचण येईल का?
— एक वाचक, येळ्ळूर

पहिली तपासणी जिला रोग झाला तिची, हा क्रम तुमच्या घरी बरोबर पाळला गेला आहे. रोगी व्यक्तीत ठोस बदल सापडला की बाकीच्यांची फक्त त्या एका जागेची तपासणी लागते. ती स्वस्त पडते आणि उत्तर हो किंवा नाही असं स्पष्ट येतं. आधी तुम्हीच केली असती आणि निगेटिव्ह आली असती, तर बदल घराण्यात नाहीच की तुमच्यात उतरला नाही, हे कळलं नसतं.

व्हीयूएस म्हणजे बदल सापडला, पण तो घातक की निरुपद्रवी हे ठरवण्याइतका पुरावा नाही. वंशाचा प्रश्न खऱ्या अर्थानं इथं आडवा येतो. ज्या माहितीसाठ्यांशी तुलना होते ते बव्हंशी युरोपीय वंशाच्या लोकांचे. इथल्या एखाद्या समाजात सर्रास असलेला निरुपद्रवी बदल त्यांत दिसतच नाही, आणि दुर्मीळ म्हणून संशयित ठरतो. त्यामुळे भारतीयांच्या रिपोर्टांत व्हीयूएस जास्त येतात. पुढं वर्गीकरण बदलतं तेव्हा त्यांतले बहुतेक निरुपद्रवी ठरतात. व्हीयूएसवरून ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका, आणि सध्या तुम्ही त्या बदलाची तपासणी करून काही साधणार नाही. दर एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला त्याचं वर्गीकरण बदललं का ते विचारा. तोवर बहिणीला लहान वयात झाला म्हणून तुमची स्तनतपासणी किती वेळा करायची ते डॉक्टरांशी ठरवा.

एक गोष्ट बहिणीच्या रिपोर्टात तपासा : एमएलपीए किंवा मोठे तुकडे गळाल्याची तपासणी झाली आहे का? नुसत्या अक्षरवाचनात अख्खा भाग गळालेला असला तरी निसटू शकतो. नमुना रक्ताचा असेल तर जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतला असतो. बोन मॅरो बदललेल्या रुग्णाचं रक्त किंवा लाळ चालत नाही, कारण त्यात दात्याच्या पेशी येतात. तिथं त्वचेचा तुकडा घेतात.

बीआरसीएत घातक बदल पक्का ठरला तर ८० वर्षांपर्यंत स्तनकर्करोगाची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. अंडाशयाची बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४४ आणि बीआरसीए-२ मध्ये १७ टक्के. मग २५व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय, ३०पासून मॅमोग्राफी, आणि मुलं झाल्यावर अंडाशय काढण्याचा विचार : बीआरसीए-१ साठी ३५ ते ४०, बीआरसीए-२ साठी ४० ते ४५ या वयात. ज्यांना रोग झालाच आहे त्यांतल्या काहींना ओलापॅरिब हे औषध मिळू शकतं.

लग्नाचं म्हणाल तर रिपोर्ट तुमचा आहे, तो गावात वाटायचा नसतो. १८ वर्षांखालच्या मुलींची ही तपासणी करूच नये.

लाळ पाठवली की पूर्वज आणि कर्करोगाचा धोका दोन्ही सांगणारे संच ऑनलाइन मिळतात. घ्यावेत का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

पूर्वजांची हौस असेल तर घ्या, कर्करोगासाठी नको. अमेरिकेत अशा एका संचाला २०१८ साली बीआरसीएसाठी पहिली परवानगी मिळाली ती फक्त तीन बदलांपुरती होती, आणि ते तिन्ही अश्केनाझी ज्यू समाजात आढळणारे. त्या समाजात साधारण ४० जणांत एकाकडे त्यांपैकी एक असतो. बीआरसीएतले घातक बदल हजारो आहेत. तीन जागा बघून ‘काही सापडलं नाही’ असं आलं तर चिकोडीच्या बाईला त्यातून काहीच कळत नाही, फक्त खोटा दिलासा मिळतो. त्या तिघांपैकी १८५डेलएजी हा बदल दक्षिण भारतातल्या रुग्णांतही सापडतो, पण तेवढ्यानं भागत नाही.

शेकडो बारीक बदलांची बेरीज करून काढलेला धोक्याचा गुणांकही असाच जपून घ्यावा. ३१३ बदलांचा जो प्रसिद्ध गुणांक आहे तो युरोपीय स्त्रियांवर बेतलेला. इतर वंशांत तो कमी अचूक ठरतो.

केमो चालू असताना प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा घ्यावा का?
— एक वाचक, हुक्केरी

न सांगता घेऊ नका. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत, आणि केमोची कित्येक औषधं यकृतातूनच बाहेर पडतात. यकृताचे एन्झाइम वाढले की पुढचा डोस लांबतो. केमोच्या काळात १००.४ फॅरनहाइट ताप आला तर काढा करत बसू नका, त्याच रात्री इस्पितळ गाठा.

घरात कुणालाच हा रोग नाही. तरी तपासणी लागते का? खर्चाचं काय?
— एक वाचक, चिकोडी

लागते. बहुतेक रुग्णांच्या घराण्यात हा रोग नसतोच. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हातांनी स्तनतपासणी सांगितली आहे, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मागा. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानं १९९८ पासून दीड लाखावर स्त्रियांवर अशाच, दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीचा अभ्यास केला. ५० वर्षांवरच्या स्त्रियांत या रोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. हाती यंत्र नव्हतं, फक्त शिकवलेल्या बायका होत्या.

घरी बघायचं तर पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १० दिवसांनी, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि काखेत. न दुखणारी गाठ, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून रक्ताळ स्राव, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा यांपैकी काही दिसलं तर पुढच्या पाळीची वाट बघू नका. दुखत नाही म्हणून थांबणं हीच आपल्याकडची सगळ्यांत महागडी सवय.

खर्चासाठी आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक कार्ड आणि सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र आधी घ्या. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कोल्हापूर किंवा मुंबईला जाणार असाल तर ते रुग्णालय यादीत आहे का, कोणता दाखला लागतो आणि जनुक तपासणी त्यात धरतात का, हे दाखल होण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राला फोन करून विचारा. निघताना नुसते रिपोर्ट नेऊ नका, पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड्स प्रयोगशाळेकडून सही करून मागून घ्या. त्या नसतील तर नव्या रुग्णालयात तपासणी पहिल्यापासून करावी लागते.